समोरची भिंत धुतली

११ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन आलं! खोक्यातून काढलं तेव्हा मला वाटलं, फवारणीचा पंप असेल. पिवळं, दोन चाकांचं, शेळीच्या करडाएवढं. एक नळी बादलीत सोडायची, दुसरीच्या टोकाला बंदूक. वायर लावली की पाणी असं सुटतं, जसं बाळापूरला गाड्या धुणाऱ्याकडे.

ह्यांनी मला विचारलं नाही. विचारायची पद्धत आमच्या घरात नाहीच. "काहून आणलं?" म्हटलं. "पाव्हणे येऊन राहिले. अंगणातलं शेवाळ तू खरवडणार हाईस का?"

तेही खरंच. यंदा पावसाने पाठ सोडली नाही, अंगण अजून हिरवं आहे. आणि तेवीस तारखेला सेनगावकडची माणसं घर पाहायला येणार. मुलगी अंजली. आमचा विश्वंभर तिला पाहून आला, दोघांची पसंती झाली. शेती करणाऱ्या पोराला पसंती मिळणं काय असतं, ते या भागातल्या आईला विचारावं. मी देवाला काही बोलले नाही. उगाच दृष्ट लागायची.

१२ नोव्हेंबर

लाईट नाही. ह्यांनी मशीन फडक्याने पुसून ठेवलं. माझा घाम कधी पुसल्याचं आठवत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लाईट आली. अंगण, ओटा, पायऱ्या, ट्रॅक्टर, गोठ्यातली गव्हाण, माझा पाटा – सगळं धुऊन झालं. खिडकीची मच्छरजाळीही धुतली. ती आता नाही.

मग म्हैस. विश्वंभर म्हणाला, "बाबा, जनावरावर न्हाई मारायचं. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी म्हैस हाय का?"

म्हशीने दावं तोडून उत्तर दिलं. संध्याकाळी दूध निम्मं.

१५ नोव्हेंबर

हे आणि विश्वंभर बाजाराला गेले तेव्हा मी गुपचूप चालवून पाहिलं! चुलीमागची काळी भिंत. बंदूक दाबली तर मीच मागे सरकले. पण काजळी अशी निघाली की काय सांगू. एक पट्टा स्वच्छ झाला की दुसरा घाण दिसतो, मग तो करावा लागतो, मग तिसरा. चहाची वेळ टळून गेली. ह्यांच्या हातातून ते का सुटत नाही, ते आज कळलं. त्यांना सांगणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

अनुसयाबाई आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, जवळा बाजार या गावी दिलेल्या. सोयरीक त्यांनीच जुळवली. आल्या, बसल्या, आणि मला बजावलं, "आशा, मागची गोष्ट काढायची न्हाई. इचारलं तर बोलायचं. न्हाई इचारलं तर चहा पाजायचा."

"आन् नंतर कळलं तर?"

"कळू दे की. तवर लेकरू झालेलं असतंय."

मागची गोष्ट म्हणजे विश्वंभरचं मोडलेलं लग्न. लग्नाला आठवडा राहिला होता. पत्रिका वाटलेल्या, पाहुण्यांना गाड्या सांगितलेल्या. तिकडून फोन आला – मुलीला पुण्याचा कंपनीतला मुलगा मिळाला. झालं. कोणी भांडलंसुद्धा नाही. विश्वंभर त्या दिवशी हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, अंधार पडला तरी आला नाही. त्यानंतर तो कोणाच्या वरातीत नाचलेला मी पाहिला नाही.

मला वाटतं, सांगून टाकावं. आपण काही चोरी केलेली नाही. पण हे आणि त्यांची बहीण एका बाजूला झाले की मी पोळ्या लाटायला जाते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ह्यांनी समोरची भिंत धुतली.

मळणीचा भुसा बसला होता, तेवढाच उडवायचा होता. विश्वंभर जाताना सांगून गेला, "बाबा, लांबून मारा, आन् लाल टोपण लावू नका." बंदुकीच्या तोंडाला लाल टोपण लावलं की धार सुईसारखी येते. लाल टोपण लावलं. जवळून मारलं. डिस्टेंपरचे पापुद्रे पडायला लागले तर म्हणतात, "बघ, किती मळ व्हता!"

मी पीठ मळत होते. बाहेर येऊन पाहते तर भिंतीवर पोपट. मग दुसरा पोपट. मग कलश. मग लाल अक्षरात –

शुभविवाह
चि. विश्वंभर
चि. सौ. कां. राजनंदिनी

लग्न ठरलं की घराच्या दर्शनी भिंतीवर नवरानवरीचं नाव काढायची रीत आहे आमच्याकडे. तेव्हाही बाळापूरच्या पेंटरकडून काढून घेतलं होतं. लग्न मोडलं त्याच दिवशी ह्यांनी स्वतः ब्रश घेऊन त्यावर डिस्टेंपर मारलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, अक्षरं ऑइलपेंटची आहेत, खरवडून काढा. पण माझं ऐकतो कोण. डिस्टेंपर धुऊन गेलं. ऑइलपेंट जिथल्या तिथे आणि वर धुतल्यामुळे चकचकीत. तारीखसुद्धा वाचता येते.

ह्यांनी मशीन बंद केलं आणि पायरीवर बसले. मी पडलेले पापुद्रे झाडून गोळा केले.

विश्वंभर शेतातून आला. उभा राहिला. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "पेंटर चांगला व्हता."

आणि हातपाय धुवायला गेला.

१९ नोव्हेंबर

पेंटर म्हणतो भिंत ओली आहे, चार उन्हं खाऊ द्या, मग घासून रंग देतो. तोवर पाहुणे येऊन जातील. ह्यांना धीर नाही. घरातला उरलेला पांढरा रंग काढला आणि स्वतःच मारला. दोन वेळा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी नाव परत वर आलं. आता गुलाबी. कालपेक्षा जास्तच लग्नाचं दिसतं.

२१ नोव्हेंबर

अनुसयाबाईंचा फोनवर हुकूम – भिंत झाका. ह्यांनी मंदिरातून भजनाची सतरंजी आणली. खिळे ठोकून लावली. मी म्हटलं, "भिंतीवर सतरंजी काहून, असं इचारलं तर?"

"वाळत घातली म्हणायचं."

"सावलीत?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं नाव मीच लिहिलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

भांडी तशीच ठेवून लिहायला बसले.

सेनगावची जीप अकराला आली. अंजलीचे वडील नामाजी, तिचा चुलता, तिची मामी, तिचा भाऊ. नामाजी बोलायला कमी. अंगण पाहून म्हणाले, "स्वच्छ हाय." हे खूश. लगेच मशीनची माहिती सुरू. पाणी किती लागतं, लाईट किती खातं. पाहुणे घर पाहायला आले आहेत की मशीन, कळेना.

अंजलीच्या भावाने तिला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल फिरवत निघाला. हा गोठा, ही मोटर, हे स्वयंपाकघर. सतरंजीपाशी आला, थांबला. "हे काय वाळत घातलंय, काकू?"

मी तोंड उघडलं. हे माझ्याआधी बोलले, "भजनाची हाय. पवित्र असती. खाली न्हाई ठेवत."

अनुसयाबाईंनी मान हलवली. सगळ्यांना पटल्यासारखं झालं. मीसुद्धा श्वास सोडला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात विश्वंभर उठला. चहाचा कप खाली ठेवला, सतरंजीपाशी गेला आणि एकेक खिळा उपटून ती काढली. नीट घडी घातली. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "माझं लग्न ठरलं व्हतं. आठवडाभर आधी मोडलं. त्यांना नोकरीवाला भेटला. तुमाला सांगायचं व्हतं, राहून गेलं." भावाच्या हातातला मोबाईल तसाच भिंतीकडे. म्हणजे अंजलीनेही वाचलं. पोपटांसकट.

ह्यांचा चेहरा मला पाहवेना. अनुसयाबाई "पोहे घ्या, पोहे घ्या" म्हणत राहिल्या. पोहे संपले होते.

नामाजी उठले. भिंतीजवळ गेले. नखाने थोडं खरवडून पाहिलं. ह्यांना विचारलं, "वरून डिस्टेंपर दिलं व्हतं का?"

"व्हय."

"धरत न्हाई."

बस. एवढंच. निघताना जीपमध्ये बसून म्हणाले, "कळवतो."

"कळवतो" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

पण मला एक लिहून ठेवायचंय. पोरगं खिळे उपटत होतं तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. आतापर्यंत कधी वाटला नव्हता इतका. आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असंही वाटलं.

२४ नोव्हेंबर

फोन नाही. म्हैस दूध बराबर देतेय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फोन नाही. अनुसयाबाईंचा आला, तो धरायचा नाही. म्हणाल्या, "तुमच्या पोरानं हातानं वाटोळं केलं." मी म्हटलं, "अक्का, पोरगं खरं बोललं." त्यांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले. जेवण चांगलं गेलं.

हे मशीनला हात लावत नाहीत. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून ठेवलंय. संध्याकाळी विश्वंभरजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "लाल टोपण लावायला नको व्हतं मी." विश्वंभर म्हणाला, "जाऊ द्या, बाबा." मग दोघे हरभऱ्याच्या पेरणीचं बोलले.

२७ नोव्हेंबर

पेंटर आला. मी त्याला परत पाठवलं. का, ते मलाही सांगता येत नाही. खोट्या रंगाचा कंटाळा आला बहुतेक.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी विश्वंभरचा मोबाईल वाजला. ऐकलं, आणि माझ्या हातात दिला. "माय, अंजली हाय. तुझ्यासंगं बोलायचं म्हणती."

"काकू, लग्नाची तारीख धरायला याल ना, तवा ते मशीन संगं आणा. आमच्या बी भिंतीवर एक नाव हाय. बाबांनी तीनदा डिस्टेंपर मारलं. धरत न्हाई."