जरीकाठाचे शिपाई

१० ऑगस्ट २०२५, रविवार

नाकच गायब झालं! सकाळपासून एका शिपायाचं तोंड रंगवतोय. गुलाबी लावला, आवडला नाही, त्यावर परत गुलाबी, मग परत — शेवटी चेहऱ्याच्या जागी उकडलेला बटाटा.

सृष्टीचे हे प्लास्टिकचे बाहुले. बोटाच्या दोन पेरांएवढे. टेबलावर फौज मांडायची, फासे टाकायचे, लढायचं — असा खेळ. पोरगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, फौज माळ्यावर राहिली. दिवाळीला मैत्रिणींना घेऊन नाशिकला येणार, इथेच डाव मांडणार. "बाबा, रिटायर झालात ना? मग उरलेले रंगवून ठेवा." म्हटलं, त्यात काय! सातपूरच्या कारखान्यात पेंट इन्स्पेक्शनला जन्म गेला माझा. गाड्यांचे दरवाजे पास-नापास केले. आणि हा एवढासा शिपाई मला नापास करतोय.

१३ ऑगस्ट

रंग पातळ करून लावायचा असतो म्हणे. व्हिडिओतला माणूस सांगतो, दुधासारखा. छाया स्वयंपाकघरातून म्हणाली, "दूध नाही हो, दाट ताक. दुधासारखा केलात तर खाचेत ओघळेल."

हिला काय कळतंय! पण ताकाएवढा केला आणि जमला. तिला सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

शालिमार चौकातल्या दुकानातून बारीक ब्रश आणला. आज डोळे जमले! एक डोळा जरा आभाळाकडे बघतो, पण चालायचंच. फोटो पाठवला. सृष्टी म्हणते, "बाबा, एक नंबर!" दिवसभर उगाच खुशीत होतो.

छायाचा उजवा हात जास्त थरथरायला लागलाय. डॉक्टरांनी गोळी वाढवली. चहाचा कप आता अर्धाच भरते. मी म्हटलं, "तू लक्षच देऊ नकोस हाताकडे." काय पण सल्ला!

९ सप्टेंबर

रंगवायच्या शिपायांच्या ट्रेमध्ये काही आधीच रंगवलेले निघाले. सृष्टीचे सुरुवातीचे उद्योग दिसतात. रंगाचे थर जाड. आणि कहर म्हणजे प्रत्येकाच्या झग्याला सोनेरी काठ! काठात वेल, वेलीवर ठिपके. एका राक्षसाच्या कपाळावर तर चक्क कुंकू. छाया शेजारी मेथी निवडत बसली होती. तिला दाखवले — "हे लढाईला निघालेत का लग्नाला?"

हसली. म्हणाली, "काढायचे तर काढा. तुम्ही नीट कराल."

नापास दरवाजांसारखे सरळ रिवर्कला टाकले. कोरोनातला सॅनिटायझरचा कॅन पडून होता, तो बरणीत ओतला आणि सगळ्यांना बुडवलं. संध्याकाळी जुन्या टूथब्रशने घासले. काठ, वेल, कुंकू — सगळं गेलं. लख्ख! मोठ्या समाधानाने हात धुतले.

१४ सप्टेंबर, रविवार

सृष्टीचा व्हिडिओ कॉल. तिला कौतुकाने सगळं टेबल दाखवलं. तिने विचारलं, "आणि आईचे कुठेत?"

"आईचे म्हणजे?"

"ते काठवाले हो, बाबा. तुम्ही सेकंड शिफ्टला गेलात की आम्ही दोघी बसायचो रंगवत. मला नाही जमली कधी ती वेल. आई एका दमात काढायची."

म्हटलं, आत ठेवलेत. खोटं बोललो — पोटच्या पोरीशी!

छाया पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

१५ सप्टेंबर

दारातली वेल! दर दिवाळीला आमच्या दारात रांगोळीत तीच वेल असायची, तेच ठिपके. मी ती ओलांडून कामाला जायचो. गाडीच्या दरवाजावर केसाएवढा चरा असला तरी मला दिसायचा. ही दिसली नाही.

गेल्या दिवाळीला तिने रांगोळीचं स्टिकर आणून चिकटवलं. तेव्हा मी काय म्हणालो? बरं झालं, पसारा नाही. जीभ झडायला हवी होती.

१६ सप्टेंबर

छायाशी बोलायचं ठरवलं होतं. बोललो नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सृष्टीला खरं सांगितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "आईला माहितेय?"

"तिच्यासमोरच केलं."

तिने तिच्या मोबाईलमधला एक जुना फोटो पाठवला. धूसर आहे, पण काठ दिसतो. तोच बघून घासलेल्या शिपायांवर परत काढायला बसलो. माझा हात स्थिर, चष्मा नवा, ब्रश महागाचा — आणि वेलीऐवजी गांडूळ उमटतं. पुसलं. परत काढलं. परत गांडूळ. दुपारी छाया येऊन मागे उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि निघून गेली. मला तिच्याकडे वळून बघायचा धीर झाला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटी बोललो. "छाया, चुकलं माझं. ते तुझे होते."

"अहो, प्लास्टिकचे बाहुले ते. त्याचं काय एवढं!"

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"गोळीची वेळ झाली," म्हणाली आणि उठली. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी पाणी पदरावर सांडलं. मी पुसायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, वाळेल."

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. आता तिला तसे काठ कधीच काढता येणार नाहीत. तिच्या चांगल्या हाताचं घरात तेवढंच उरलं होतं, आणि मी ते टूथब्रशने घासलं. सृष्टी येईल, तिच्या मैत्रिणी येतील, डाव मांडतील. मी काय दाखवणार त्यांना? माझे आभाळाकडे बघणारे शिपाई!

७ ऑक्टोबर

सकाळी मी भेंडी चिरत होतो. छाया समोर बसली होती. आपणहून म्हणाली, "त्या ट्रेमध्ये मीच ठेवले होते ते. मला बघवत नव्हते. आणि या हाताने ते घासताही येईनात."

मी सुरी खाली ठेवली.

"पण वाटलं होतं, तुम्ही नीट बघाल आणि म्हणाल — हे छान झालेत, राहू दे."