पपांच्या वहीतले तीनशे शब्द

म्बांदाका, ४ मार्च १९८६

चि. बोलुंबू हिस पपाचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई मजेत आहे. मासे खारवते आणि पोरगी कैरोत उपाशी मरते आहे असं शेजारणींना सांगते.

सोबत वही पाठवतो. तीस वर्षं शाळा सुटल्यावर जमवलेले तीनशे शब्द आहेत. डावीकडे प्राचीन मिसरी, उजवीकडे त्यांच्याशी जुळणारे आपल्या भाषांतले. आमच्या मिशन शाळेचे फादर चिडवतात, गुरुजी आता मिसरच्या फेरोला चुलता करणार म्हणतात. पुढच्या महिन्यात शिक्षकांच्या सभेत मला यावर बोलायचं आहे. तुझ्या विद्यापीठातल्या बाईंना वही दाखव. बापाची लाज राखायला खोटं मात्र लिहू नकोस.

तुझा,
पपा एकोफो

कैरो, २३ मार्च १९८६

ती. पपांना बोलुंबूचा सा. न. वि. वि.

मॅग्दाबाईंनी जवळजवळ सगळे शब्द खोडले. नुसता आवाज जुळला म्हणून नातं लागत नाही, म्हणाल्या; एका भाषेतला आवाज दुसरीत दर वेळी त्याच रीतीने बदलायला हवा. मी जिन्यात बसून रडले.

मग त्यांनी मला कैरोजवळच्या सक्काऱ्याच्या एका प्राचीन थडग्यात नेलं. भिंतीवर पाण्याच्या तीन नागमोडी रेघा. बाईंनी वाचलं, 'मू'. त्यांच्या कॉप्टिक, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती चर्चच्या प्रार्थनेत त्याच मिसरी भाषेचं शेवटचं रूप टिकलंय; तिथे आजही पाण्याला 'मोऊ' म्हणतात. माझ्या तोंडून आपल्या लिंगाला भाषेतलं 'माइ' निघालं. नातं की योगायोग, असं विचारलं, तर म्हणाल्या की आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्यावर विसंबू नकोस.

वही सोबत परत पाठवते आहे. रागावू नका. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची,
बोलुंबू

म्बांदाका, २ मे १९८६

चि. बोलुंबूस अ. आ.

दोन दिवस जेवलो नाही. तुझ्या आईने बाईंचा उद्धार केला. तरी सभेत गेलो, खोडलेली पानं वाचली, चूक माझी म्हणालो. फादर हसले नाहीत.

मग बाईंचा नियम सांगितला आणि सगळ्यांना विचारलं, घरी वाटेला काय म्हणता? लिंगाला बोलणारे म्हणाले 'न्झेला', मोंगो बोलणारे 'न्जेला'. भुकेला 'न्झाला', 'न्जाला'. चंद्राला 'सांझा', 'सांजा'. पोरी, दर वेळी 'झ'च्या जागी 'ज'! कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. जो तो आपल्याच तोंडातला शब्द पहिल्यांदा ऐकत होता. दारात मासे विकायला बसलेली म्हातारी म्हणाली, म्हणजे आमच्या मेलेल्या आज्यापणज्या अजून आमच्यातून बोलतायत की!

माझं भाषण तिथेच संपलं. खाली बसलो.

बाईंना माझा नमस्कार सांग. जेवत जा, आणि आम्हा दोघांवर माया असू दे.

तुझा,
पपा