पोचवहीतली बारावी सही

१९ जून

तीर्थस्वरूप काकांस,
नमस्कार.

काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली. थेंब मीच घालते. काल माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अगं, केवढी पिकलीस तू!" तुम्ही जेवणाची हेळसांड करू नये, असा तिचा निरोप होता. परवापर्यंत तरी होता.

स्मारक समितीचं पत्र मलाही आलं. दोन तारखेला डोंगराच्या पायथ्याशी स्मृतिशिलेचं अनावरण आणि 'अकरा कुटुंबं वाचवणाऱ्या कारकुनाचा' सत्कार. पाच मिनिटं मी बोलायचं. मी आनंदानं हो म्हटलं. उगाच शब्दांचे बुडबुडे नकोत, म्हणून दोन दिवस रजा काढून कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. तुमची आणि बाबांची खाण बंद पडल्यावर तिचे सगळे कागद तिथेच आलेत. तुमचं कौतुक नीट करता यावं म्हणून गेले होते काका, एवढं ध्यानात ठेवा.

तिथल्या बाईंनी वाळवीनं कुरतडलेला एक गठ्ठा काढून दिला. त्यात त्या दिवसाची पोचवही होती. वर इंजिनिअरची नोटीस: डोंगराला भेगा पडल्या आहेत, चाळीतली बाराही घरं चारच्या आत रिकामी करावीत. खाली तुम्ही दारोदार फिरून घेतलेल्या बारा सह्या. बारावी बाबांची.

आधी मला रडूच आलं. बाबांचं अक्षर मी पहिल्यांदाच बघत होते; घरातलं सगळंच दरडीखाली गेलं होतं. त्या सहीवरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले. हे अक्षर माझ्या ओळखीचं होतं. हॉस्टेलवर आठ वर्षं दर शनिवारी ते मला पत्रातून यायचं. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवून शिरोरेघेला टेकवायची सवय तुमची. अठरा वर्षं मी पोरांच्या वह्या तपासते आहे, नक्कल मला कळते. तरी मन मानेना. म्हणून गठ्ठा पुन्हा उपसला, तर त्याच सकाळचा बाबांचा रजेचा अर्ज सापडला. 'ताप असल्याने कामावर येऊ शकत नाही.' खाली किरटी, थरथरती सही. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

मग चाळीतल्या शिंपीकाकांकडे गेले. ते आता अंथरुणालाच आहेत.

"आमचं घर चाळीतलं शेवटचं, पंपाच्या शेडमागे, वळणापलीकडे. तुम्ही निघालात तेव्हा आमच्याकडे कुणी डोकावलं नाही?" मी विचारलं.

"मी निघालो होतो गं. वाटेत तुझा काका भेटला. म्हणाला, त्यांना केव्हाच कळवलंय, ते माझ्याकडेच येतायत. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर मी मागे फिरलो."

सहाला डोंगर खाली आला. बाबा, आई आणि आठ महिन्यांचा माझा भाऊ. मी तेवढी वाचले, कारण काकूनं मला शाळेतून परस्पर तुमच्या गावातल्या घरी नेलं होतं.

तुमचा बाबांशी अबोला होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनी चार लोकांत तुम्हाला कामचुकार म्हटलं होतं. पण तुम्ही मला कायम काय सांगत आलात? "तुझा बाप हट्टी. सही केली, पण घर सोडलं नाही. स्वतः गेला आणि बायकापोरांनाही घेऊन गेला." तेहतीस वर्षं मी मेलेल्या बापावर रागावले, काका. आईला आणि बाळाला त्यानं मारलं, असं समजत मोठी झाले. त्यांचा फोटो मिळत होता, तोही मी घरात लावला नाही. हे मी कुणाकडून भरून घेऊ?

परवा काकूला सगळं वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "त्या दुपारी मी विचारलं होतं, भावजींना सांगितलंत ना? तर म्हणाले, येईल आता नाक घासत माझ्या दारात. मला वाटलं, सांगितलं असेल."

डोंगर त्याच संध्याकाळी येईल असं तुम्हाला वाटलं नसेल. तेवढं मी मान्य करते. बाबांनी शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकावं आणि तुमच्या पायाशी यावं, एवढीच तुमची इच्छा असेल. पण मग सही का केलीत? आणि शिंपीकाकांना का परतवलंत?

तुम्ही मला वाढवलंत, शिकवलंत, तापात उशाशी बसलात. ते खोटं नव्हतं हेही मला कळतं, आणि त्याचीच जास्त चीड येते. तुम्ही नुसते वाईट असता तर मी एवढ्यात मोकळी झाले असते.

पोचवहीच्या आणि अर्जाच्या नकला समितीच्या अध्यक्षांना आजच रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. सत्कार रद्द करू नका, असं त्यांना आवर्जून लिहिलंय. तुम्ही यायचं. शाल घ्यायची. मग माझी पाच मिनिटं पहिल्या रांगेत बसून ऐकायची. आजारपणाचं निमित्त काढलंत तर मी लाऊडस्पीकर तुमच्या दाराशी आणीन.

एकदा मी काकूला म्हटलं, पाहिजे तर थांबते, म्हातारपणी त्यांचे धिंडवडे नकोत. ती म्हणाली, "वाच. मी तुझ्या शेजारी उभी राहीन." तिचे कपडे आणि औषधांची फाईल मी पाठवलेल्या माणसाकडे द्यावी. ती आता इथेच राहणार आहे.

तुम्ही ज्याची सही केलीत,
त्याची मुलगी