न विस्कटलेली रास

कल्याण, शके १८१९
पौष व. ३, सोम.
ठाण्याचे वामनराव सहकुटुंब घर पाहून गेले. कचेरीत कारकून आहेत, चार मुलं. घराची मी इतकी तारीफ केली की शेवटी मलाच वाटलं, मग विकतोस कशाला? पेशवाईतलं बांधकाम, सागाचे खांब, परसात विहीर, पाणी बारमाही गोड. आणि आळी तर पोराबाळांचीच. मूल सकाळी बाहेर पडलं की चार घरी जेवून संध्याकाळी परत येतं, कुणी विचारत नाही.
वामनरावांच्या कुटुंबाला, राधावहिनींना, माजघर फार आवडलं. यजमान मात्र घाईत दिसले.
मला नाशकाच्या शाळेत हजर व्हायला पंधरा दिवस उरलेत. तिथलं सगळं या सौद्याच्या पैशांवर. सौ. म्हणते, ग्रहणाच्या आत उरकून टाका. अवसेला ग्रहण आहे.

पौष व. ५, बुध. संक्रांत
राधावहिनी तिळगूळ आणि पायलीभर नवे तांदूळ घेऊन पुन्हा आल्या. त्यांच्या माहेरची रीत: घर घेण्याआधी माजघरात तांदळाची रास घालायची, तीन रात्री राहू द्यायची. रास जशीच्या तशी राहिली तर वास्तूने होकार दिला. विस्कटली तर नकार. रास स्वतःच्या हाताने घातली, वर हळदकुंकू वाहिलं. "मास्तर, झाकायची नाही हं," म्हणाल्या. शनिवारी बघायला येणार.
त्या गेल्यावर सौ. कपाळाला हात लावून बसली. आमच्या घरात उंदीर म्हणजे बिऱ्हाडकरूच. दोन पोती कुरतडून झाली, माझी जुनी पगडीसुद्धा सोडली नाही.

व. ६, गुरु.
रात्री राशीवर टोपली घालायची, असा सौ.चा बेत. मी म्हटलं, हा कपटाचा व्यवहार. ती म्हणाली, "मग उंदरांना सांगा समजावून. मास्तर आहात ना!" टोपली घातली नाही. घातली असती तर बरं, असं दिवसभर वाटत राहिलं.
रास मात्र शाबूत.

व. ८, शनि.
राधावहिनी आणि वामनराव सकाळच्या गाडीने आले. रास जशीच्या तशी. कुंकवाचं बोटसुद्धा हललं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, खांबाला हात लावून नमस्कार केला. सौ.ने ओटी भरली. वामनराव म्हणाले, गुरुवारी सामान घेऊन येतो, कागद त्याच दिवशी करू.
मीही खूष. जेवायला बसलो, पहिला घास तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच थांबला.
उंदीर गेले कुठे?
सौ.ला विचारलं, माळ्यावरची धावपळ शेवटची कधी ऐकलीस? तिने आठवून पाहिलं. आठ दिवस झाले असतील म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि ताट सारलं. दोघांचंही अन्न तसंच राहिलं.

व. ९, रवि.
मीठ घेऊन जानकी आगरीण आली. सहज म्हणून विचारलं, तुमच्याकडे कसं काय? म्हणाली, "आमचे गावान उंदीर परलं, तवा आमी घरा सोरून शेतान गेलूं. जे घरान रव्हले ते गेलं." आणि वर आकाशाकडे बोट.
ती गेल्यावर शिडी लावून माळ्यावर चढलो. सकाळचं लख्ख ऊन कौलांतून येत होतं. जुन्या पेट्यांमागे तीन. एक अजून मऊ होता. चिमट्याने उचलून परसात घासलेट ओतून जाळले. हात चारदा धुतले, चुलीतल्या राखेने.
शेजारच्या काकूंनी विचारलं, "कसला हो वास?" केराचा, म्हटलं. आयुष्यभर पोरांना सत्य बोला म्हणून छड्या मारल्या.

व. १०, सोम.
कळवावं तर प्लेगचे पाहणीवाले येणार. कौलं काढणार, दारावर खूण करणार, सगळ्यांना छावणीत नेणार. मग हे घर कुणी फुकट घेणार नाही. नाशीक बुडालं. न कळवावं तर वामनरावांची चार मुलं या माजघरात झोपणार.
भीती वाटते. सरळ लिहितो, मला फार भीती वाटते. आमच्या यमूला आणि बाळूला आज मीच न्हाऊ घातलं. काखा, जांघा चाचपल्या. यमू हसायला लागली, "बाबा, गुदगुल्या होतात." गाठ नाही.
सौ. म्हणते, "आधी माझी पोरं बाहेर काढा. मग काय ते खरंखोटं करा."

व. ११, मंगळ. एकादशी
पहाटेच मुलांना आणि सौ.ला जानकीच्या गावी शेतावर पोचवलं. पेंढ्याची खोप, वर निळं आकाश. आळीत सांगितलं, पाहुण्यांकडे जातो. कुणी खोदून विचारलं नाही. तेच जास्त भिववतं. त्यांच्या माळ्यांवर काय आहे, देव जाणे.
तिथून ठाण्यास. स्टेशनात डाक्टर उतारूंच्या काखा बघत होता, माझ्याही बघितल्या. सोडलं.
वामनरावांना कचेरीतून बाहेर बोलावलं, मासुंदा तळ्याच्या काठाशी उभे राहिलो. सगळं सांगितलं. तीन उंदीर, घासलेट, काकूंशी बोललेलं खोटंसुद्धा. वाटलं, आता हा गृहस्थ मला शिव्या घालील. घालाव्यात, असंच वाटत होतं.
त्यांनी मागे कचेरीकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे पाच पडले. तुमचं घर बघायला येण्याआधीच. म्हणून तर घाई."
मी म्हटलं, वहिनींना? म्हणाले, "तिला काही माहीत नाही. मी पहाटे उठून टाकून आलो." पाचवा तर आमच्या घरी यायच्या आदल्या दिवशी टाकला होता.
दोघेही एकमेकांना फसवायला निघालेले. हसू यायला हवं होतं, आलं नाही.
"मग गुरुवारी?" मी विचारलं. ते कचेरीत पळाले. साहेबाची हाक आली होती.

व. १२, बुध.
खोपीत आहे. मुलं मजेत, बोरं खाताहेत. सौ. दर तासाला त्यांच्या कपाळाला हात लावते, मी दर अर्ध्या तासाला.
वामनराव येणार नाहीत, असं धरून चाललो आहे. शहाणा माणूस आहे. चारदा हे वाक्य मनाशी म्हटलं.

व. १३, गुरु.
दुपारी आळीत गेलो, कागदपत्रांची पेटी आणायला. लांबूनच बैलगाडी दिसली. आमच्या दारात.
राधावहिनी ओटीवर पदर खोचून उभ्या. गाडीत पाट, पाळणा, तुळशीची कुंडी. चारही मुलं पायरीवर. काकूंनी त्यांना लाडू दिले होते, आळीतली पोरं भोवती जमलेली, दोस्ती झालीसुद्धा. वामनराव बैलांपाशी, माझ्याकडे पाठ करून.
"या मास्तर, तुमचीच वाट बघत होतो. किल्ली द्या, मी आधी दूध उतू घालते." वहिनींचा चेहरा असा की बघवेना. "ठाण्याच्या घराला कुलूप घालून आले बघा. म्हटलं, मागे वळून बघायचं नाही. वास्तूने बोलावलंय."
वामनराव तेव्हा वळले. नुसती मान हलवली, सांगू नका अशी, की द्या अशी, मला कळलं नाही. आणि सांगितलं तर त्या जाणार कुठे? त्या घरी पाच, या घरी तीन.
किल्ली शेतावर राहिली, आणतो, असं सांगून निघालो. मारुतीच्या देवळाच्या पारावर बसून हे लिहितो आहे. इथून ओटी दिसते. धाकटीला ऊन लागतंय म्हणून वहिनी तिला दाराशी सावलीत सरकवताहेत. पोरगी दाराच्या फटीला डोळा लावून आत बघते आहे.
किल्ली माझ्या कनवटीला आहे.