ओळीतली जागा

१० नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा. द्रोणागिरीत, स्वतःच्या प्लॉटवर, पत्र्याच्या खोलीत मांडी घालून हे लिहितोय. आयुष्यभर तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलल्या, पेन उचलायचं काम फारसं पडलं नाही. पण घर माणूस एकदाच बांधतो. म्हटलं, लिहून ठेवू.

जोतं झालंय, कॉलम उभे आहेत, वर फळ्या ठोकायचं चालू आहे. शुक्रवारी स्लॅब. हमालांच्या टोळीतून सुट्टी काढून मी इथेच मुक्काम ठोकलाय, कारण स्लॅबला पाणी मारायचं काम मी दुसऱ्या कुणावर सोडणार नाही. कॉन्ट्रॅक्टर धनेश इथलाच, आगरी. बोलायला तिखट, कामाला चोख. ही जमीन मूळची त्याच्याच घराण्याची. पूर्वी इथे भात पिकायचा, आणि खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध होता. तो माझ्या घराच्या मागच्या कोपऱ्याखालून जायचा म्हणे. आता सगळा भराव.

आमची मंडळी, म्हणजे सत्यभामा, भात काढायला गावी पाटणला गेलीय. तिला फोन करून सांगितलं की गच्चीतून बोटी दिसणार. दिसतात ते कंटेनर, पण एवढं चालतं. फार बरं वाटतंय आज.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, पौर्णिमा

स्लॅब भरला. अंग आंबलंय, पण आनंदाने झोप येणार नाही.

ऐन दुपारी माल वर नेणारी लिफ्ट बंद पडली. स्लॅब अर्धा सोडला तर जोड राहतो आणि त्या जोडातून जन्मभर गळतं. धनेशने मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची ओळ लावली, घमेलं हातोहात वर. मी काय बघत बसणार होय? मागच्या कोपऱ्यावर, फळ्यांची चढण वळते तिथे जाऊन उभा राहिलो. खालच्या बाजूला सनी नावाचा गावातलाच मजूर होता.

गंमत म्हणजे ही गाववाली माणसं घमेलं घेताना देणाऱ्याचं नाव घेतात. सनी, आण. शहाजीभाऊ, आणा. दर घमेल्याला. मीही सुरुवातीला नाव घेतलं, मग कंटाळून सोडून दिलं. आमच्या मार्केटात ओझं घेताना कुणी तोंड बघत नाही, हात बघतात. तोंडं बघत बसलं तर गाडी खाली कधी व्हायची? शेवटी मान खाली घालून नुसता घेत होतो आणि वर देत होतो. सनीचे हात फार गार लागले, कोपरापर्यंत काळ्या चिखलाने माखलेले. जेवताना त्याला आग्रह करकरून जिलेबी वाढली, तर तो उगाच लाजत होता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

स्लॅबवर सिमेंटचे वाफे घालून पाणी भरलं. गावाकडे मेथीला वाफे करतो तसेच. मागच्या कोपऱ्यात मात्र एक काळपट डाग आहे, आणि तिथलं पाणी खारट लागतं. पाणी तर टँकरचं.

धनेशला विचारलं. तो म्हणाला, तिथे तेवढा माल कमी पडला असेल. बोलता बोलता असंही म्हणाला, की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला आणायला त्याने सनीला दुपारीच पाठवलं होतं. त्यानंतर ओळीत तो नव्हताच. मी वाकून खालून घमेली घेतोय हे सगळ्यांना दिसत होतं, खाली कोण आहे ते कुणी पाहिलं नाही.

हसलो. पण हात साबणाने दोनदा धुतले.

१७ नोव्हेंबर, रविवार

भर दुपारी वर पाणी मारत होतो. खाडीला भरती होती. पाइप कधी सुटला कळलं नाही. भानावर आलो तेव्हा मागच्या कोपऱ्यावर उभा होतो, दोन्ही हात पुढे, आणि हातात घमेलं. घमेल्यात काळा, ओला, खाडीचा चिखल. असला चिखल या भरावावर कुठेच नाही.

फेकून दिलं. ओहोटी लागेपर्यंत हात खाली येईनात. मी भित्रा माणूस नाही. आज मात्र भ्यालो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

धनेशची आई सुमित्राबाई भाकरी घेऊन आली. तिला सगळं सांगितलं, ते चिखलाचे हातसुद्धा. बाईने भाकरी बाजूला ठेवली आणि सांगू लागली.

तिचा धाकटा दीर, धर्मराज. ती नवी नवरी असताना उधाणाला बांध फुटला. सगळं गाव ओळ धरून चिखलाच्या पाट्या हातोहात देत होतं. धर्मराज अगदी फुटलेल्या जागी, पाण्यात. अचानक मोठी लाट आली आणि ओळीतली माणसं पाट्या टाकून पळाली. तो पाटी हातात घेऊन तसाच उभा राहिला, कुणीतरी घेईल म्हणून. पाणी त्याला घेऊन गेलं. तेव्हापासून गावात कुणी नाव न घेता कुणाच्या हातून ओझं घेत नाही. नाव घेतलं की समोर जिवंत माणूस आहे हे कळतं.

मी विचारलं, मी तर नाव घेतलं नाही, आता काय? ती माझ्या हातांकडे बघून म्हणाली,

“त्याचे हातशी नाव न घेता घेतलास ना? मंग तो सुटला. आता ती जागा तुजी हाय.”

सुटका एकच, असं म्हणाली. माझ्या हातून तसंच कुणीतरी, नाव न घेता, घ्यायला हवं. मग जागा त्याची. नाही घेतलं, तर अमावास्येचं उधाण त्या जागेवरच्या माणसाला, म्हणजे मला, घेऊन जाईल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

खाडीला भांग आहे, म्हणजे भरतीला जोर नाही. हात शांत आहेत. वाटतं, म्हातारीने उगाच घाबरवलं.

तरी फाटकाला कुलूप घातलंय. धनेशच्या माणसांना सुट्टी दिली. माझं ओझं मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. टोळीत मी कधी दुसऱ्याच्या पाठीवर गोणी ढकलली नाही. आता या वयात सुरुवात करू?

२७ नोव्हेंबर, बुधवार

भरती वाढतेय. हातही परत पुढे यायला लागलेत.

बसने तुर्भ्याला घरी निघालो होतो. नाक्यापर्यंत गेलो. पाय वळले. चालत परत आलो, माझ्या मनाविरुद्ध, थेट वरच्या कोपऱ्यावर.

एक कळलंय. हातात पेन असलं की हात थांबतात. लिहीत असलो की घमेलं येत नाही. म्हणून हे लिहितोय. नाहीतर लिहिण्यासारखं काय आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्यभामाचा फोन. भात निघालं, येते म्हणाली. मी नको म्हटलं. तिने कारण विचारलं. सांगितलं, आलीसच तर माझ्या हातून काही घेऊ नकोस, आणि घेतलंस तर आधी माझं नाव घे. नुसतं, शहाजी.

ती हसली. लग्न झाल्यापासून तिने माझं नाव तोंडातून काढलेलं नाही. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं तर दुसऱ्याला सांगायला लावते. मला “अहो”. फक्त “अहो”.

जगात एवढी माणसं. त्यात माझं नाव कधीच न घेणारी हीच एक. आणि ही तर मी काही उचललेलं दिसलं की धावत येते.

परत फोन केला. उचलत नाही. गाडीत बसली असेल का—

३० नोव्हेंबर, शनिवार

खाली उतरता येत नाही. पायाला पोटरीपर्यंत चिखल. धुतला. परत येतो.

धनेश फाटकाबाहेरून हाका मारत होता. म्हटलं, आत येऊ नको. सत्यभामा आली तर तिला तुझ्या घरी ने, पाया पडतो. तो हो म्हणाला. तिला कोण अडवणार.

मला मरायचं नाहीये. हे एकदा लिहून ठेवतो. मला या घरात राहायचं होतं. तिच्याबरोबर.

१ डिसेंबर, रविवार, अमावास्या

खाडी भरतेय. आवाज थेट स्लॅबखालून येतोय.

लिहितोय. काहीही लिहितोय. लिहीत राहायचं. पाणी उतरेपर्यंत—

फाटक वाजलं. कुलूप तोडतायत.

तिचा आवाज. अहो, अहो, अशी हाक.

ओरडलो. वर येऊ नको. घसा ओला, चिखलाने भरलेला, आवाज निघत नाही—

जिना चढली. दिसली. मला बघून तोंडावर पदर धरला तिने. रडतेय. येऊ नको ग—

घमेलं समोर आहे. मी उचललेलं नाही. उजवा हात पेनावर. डावा ताब्यातून गेला. डाव्या हाताने ते—

नाव घे. मांडीवरची वही तिच्याकडे वळवतोय, मोठ्या अक्षरात लिहितोय, नाव घे माझं, शहाजी, शहाजी म्हण—

वाचत नाही. माझ्या हाताकडे बघतेय. म्हणते, “अहो, ठेवा ते पेन. आणा हिकडं, एकट्यानं किती उचलाल—”

माझं पेन धरलंय तिने. ओढतेय. दुसरा हात घमेल्याकडे. सत्यभामा, हात मागे घे, सत्य