जस्तानं बुजलेले आटे

पालम, श्रावण शु. ८, शके १८६०

चि. चंद्रभान यास तानुअक्काचे अ. उ. आशीर्वाद.

आमी समदी खुशाल. तू हैदराबादेहून धाडलेली मोटारीची चेसी, म्हंजे खालचा सांगाडा, पोचली. गंजू नये म्हणून जस्तात बुडवून घेतलीस, ती अशी चमकायलीय की शेजारच्या केवळाबाईनं तिच्यात बघून कुंकू लावलं! पण जस्त आट्यांच्या भोकांत बी घुसलंय. बॉडी बसवायचा बोल्ट आत जाईना. ह्यांनी पान्यानं झोंबून एका बोल्टचे आटे पार सोलले. म्हणतात, मेव्हण्यानं मोटार न्हाई, कल्हईची परात धाडली.

दसऱ्याला मोटार बाजारात उभी करीन, असं चावडीवर बोलून बसलेत. पोळा झाला की मुंजाजी लोहाराकडून भोकंच मोठी करून घेणार. वर मला बजावलंय, बोल्ट बसेस्तोवर भाऊबीजेला माहेरचं, झरीचं नाव काढायचं न्हाई. काय ते जल्दी कळव.

माया हायेच, थोडी अक्कल बी धाड.
तुझी तानुअक्का

हैदराबाद, श्रावण पौर्णिमा

ती. अक्कास चंद्रभानचा शि. सा. न.

भोकं मोठी करू देऊ नको! बोल्ट खुळखुळतील अन् माणसांसकट बॉडी रस्त्यात सांडेल. आटे पाडायचा टॅप अन् त्याची मूठ पार्सलनं धाडलीय. टॅप म्हंजे दात असलेला पोलादी बोल्टच समज. आधी तारेच्या ब्रशनं भोक साफ करायचं. टॅपला तेल लावून सरळ धरायचा. अर्धा फेरा पुढं, थोडा मागं. जस्ताचा चुरा निघंल, तो पुसायचा. अडला तर रेटायचं न्हाई. आत मोडला तर खेळ खलास. दाजींना हे वाचून दाखव.

आशीर्वाद असू दे, दाजींचा राग नको.
तुझा चंद्रभान

पालम, भाद्रपद शु. २

चि. चंद्रभान यास अ. उ. आशीर्वाद.

वाचून दाखवलं. म्हणले, मेव्हण्याकडून शिकण्यापरीस मोटारीला बैल जुंपीन. मग मीच पदर खोचला. रोज दुपारी हे ओसरीवर झोपले की मी अंगणात टॅप फिरवायची. केवळाबाई दारात पहाऱ्याला. घोरणं थांबलं की ती खोकायची, मी चुलीकडं पळायची. समदी भोकं झाली!

आज मुंजाजी आला. ह्यांनी सहज बोल्ट लावला, तर नुसत्या बोटांनी आत गेला. मिशीवर ताव देऊन म्हणले, भोकांना राकेल पाजून ठिवलं होतं, मेव्हण्याला काय कळतं! मुंजाजी चहा पिऊन परत गेला. मी पदर तोंडात कोंबला. तू बी गप ऱ्हा.

ओढ असू दे, तोंड मात्र बंद.
तुझी तानुअक्का

पालम, भाद्रपद शु. ६

चि. चंद्रभान यांस माणिकरावाचे अ. आ.

हे पत्र अक्काला दाखवू नका. तिला वाटतं मी झोपलो होतो. अहो, घोरणं थांबलं की केवळाबाई खोकायची अन् काम बंद पडायचं. म्हणून दुपारभर खोटं घोरून माझा घसा सोलला. एका डोळ्यानं बघायलो होतो. टॅप अडला की ती रेटायची न्हाई. तुमाला दोन शिव्या हासडून हळूच मागं फिरवायची. मी असतो तर मोडलाच असता. हे कबूल, पण फक्त तुमच्यापाशी. चावडीवर राकेलच चालू द्या.

भाऊबीजेला तुमी बी झरीला या. अक्काला मोटारीतूनच आणतो. मोटारीच्या कपाळावर ‘तानुबाई’ लिहायला रंगारी बोलावलाय. तिनं का म्हणून इचारलं, तर सांगीन, ही बी तुझ्यासारखीच लय आवाज करती.

लोभ वाढवा.
तुमचा माणिकराव