तिघांचा वकील

धाराशिव, कार्तिक शु. ५, शके १८६६

ती. महादेवी अक्कांच्या चरणी धाकट्या अण्णारावाचे शरणार्थ. वि. वि. आपल्या शेंगतेलाच्या कंपनीसाठी रामकिसन वकील ठरवले. कचेरीत त्यांना मान आहे. करारनामा उर्दूत झाला, सोबत धाडतो. खाली सही करून लगेच परत पाठवा. मी सगळं बघितलंय, तुम्ही डोकं शिणवू नका. पोटदुखीवर सुंठ घेत जा. कळावे, धाकट्यावर माया असू द्यावी.

परंडा, कार्तिक शु. १०

चि. अण्णारावास अक्काचा आशीर्वाद. पोट बरं आहे, आता डोकं दुखतंय. हा रामकिसन पेठेतल्या वीरप्पाशेठचाही वकील आहे म्हणे. आपली गिरणी त्यांच्या डोळ्यात किती खुपते, तुला ठाऊक आहे. वाचून न दाखवता सही मागणारा वकील कसला? शेड माझ्या मालकांनी मागं ठेवलेली, इंजन खाजामियाँनं भंगारातून उभं केलेलं, व्यापार तुझा. तिघांची नावं कागदात कुठं आहेत, ते त्याला विचार. मला त्या माणसाचा लई संशय येतो. जपून राहा, जेवणाची आबाळ करू नको.

धाराशिव, कार्तिक शु. १४

ती. अक्कांस शरणार्थ. तुम्हाला सावलीचीही शंका येते! वकिलांनी बजावलंय की कागद कुणाला दाखवायचा न्हाय, खाजामियाँला तर मुळीच न्हाय. इंजन चालवणाऱ्याला कायद्यातलं काय कळतं, असं ते म्हणाले. उशीर झाला तर परवाना अडकेल. मी आठ-दहा दिवस लातूरला जातोय, परतेपर्यंत सही यावी. रागावू नये, ही विनंती.

परंडा, कार्तिक व. ८

चि. अण्णाराव यास,

कागद मी खाजामियाँला दाखवला न्हाय. त्याच्या लेकीला, शरिफाबीला, उर्दू येतं, तिच्याकडून वाचून घेतला. त्यात कंपनी तुझ्या एकट्याची, शेड मी तुला बक्षीस दिलेली, खाजामियाँ पगारी नोकर. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचून बघितली. मी वकिलाला भरपूर शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी मोटारीनं धाराशिव गाठलं; तू लातूरलाच होतास.

रामकिसन वकिलांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग पहिला मसुदा काढून वाचून दाखवला. त्यात तिघांची नावं होती. त्याला जोडलेली मोडीतली चिठ्ठीही दाखवली. दोन नावं वगळा, दोघांची संमती आहे, असं तीत लिहिलेलं. अक्षर तुझं. तुला मीच पाटीवर गिरवायला शिकवलंय, मला ओळखायला वेळ लागला न्हाय. वकील म्हणाले की त्यांनी तीनदा तुला सांगितलं, दोघांना समोर आणा. वाचून दाखवल्याशिवाय कागद कचेरीत जाणार न्हाय. ज्याला चोर समजून गेले, त्याच्यासमोर मान वर करता येईना.

आता ते तिघांचे वकील आहेत. सोमवारी परंड्याला येऊन नवा करारनामा सगळ्यांदेखत वाचतील. तू ये.

शरिफाबीनं घरी अजून सांगितलेलं न्हाय. ते तिनं सांगू नये, मीही सांगणार न्हाय. सोमवारी वकील यायच्या आधी खाजामियाँला तू स्वतः सांग.

तुझ्यावर लोभ आहे. भरवसा आहे, असं आज लिहवत न्हाय.

महादेवी